ऊन, पाऊस, थंडी आणि आपलं डोकं

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एकंदर टोप्या किती आहेत, कधी मोजून पाहिलंय? मी परवा मोजल्या. कपाटं आणि माळ्यावरच्या ट्रंका आवरायला काढल्या होत्या, तेव्हा सहज एका बाजूला रचत गेले. यांच्या क्रिकेटच्या दोन, कंपनीतून भेट मिळालेली एक, धाकट्या चिरंजीवांच्या कानटोप्या तीन आणि शाळेची एक. सासऱ्यांच्या कडक इस्त्रीच्या गांधी टोप्या चार. दोन्ही मुलांच्या बारशात वापरलेली खणाची कुंची. आणि अगदी तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आजेसासऱ्यांची काळी फेल्टची टोपी. झाल्या ना १३?

आता गंमत पाहा. या १३ टोप्यांत माझी एकही नाही, सासूबाईंची नाही आणि आमच्या कन्येचीही नाही. तिच्या वाट्याला आली ती ती कुंची, तीही वर्षाची होईपर्यंतच! आपण घरातल्या सगळ्यांची डोकी झाकतो, विणतो, शिवतो, इस्त्री करतो. आपलं मात्र पदरावर भागवतो. आजची आपली गोष्ट त्याच डोक्याची आहे.

एका सकाळची चूक

हा विषय माझ्या डोक्यात आला तो काही फॅशन म्हणून नाही. मी जवळच्याच एका शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र दिनाच्या कवायतीची तयारी माझ्याकडं होती. खरं तर साडेसातला मैदानावर जायचं, पण पेपर तपासणीच्या गडबडीत साडेदहा वाजले. आमच्या वराळ्याला इंद्रायणी जवळ आहे, झाडीही बरीच आहे; पण एप्रिलचं ऊन ते ऊनच. मुलांच्या डोक्यावर कवायतीच्या पांढऱ्या टोप्या होत्या. मुलींच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी. आणि मी? मी कडुलिंबाच्या सावलीत, डोक्यावरून पदर घेऊन, हातात शिट्टी घेऊन उभी.

अर्ध्या तासानं सातवीतली एक मुलगी मटकन खाली बसली आणि आडवी झाली. मुलींनी आरडाओरडा केला. तिला सावलीत आणलं, पट्टा सैल केला, ओल्या रुमालानं तोंड, मान, हात पुसले, वारा घातला. दोन मिनिटांत तिनं डोळे उघडले, मग घोटघोट पाणी प्याली. देवाची कृपा म्हणायची, त्यावर निभावलं. घरी पोचवायला मीच गेले. वाटेत तिला म्हटलं, ‘अगं, डोकं तापलं होतं तर सांगायचं नाही का? डोक्यावर काही घ्यायचं नाही का?’ तर ती म्हणाली, ‘बाई, टोपी मुलांनाच असते ना?’

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. दोष कुणाचा म्हणाल तर माझाच. उन्हाची वेळ मी निवडली, रिबिनी मी सांगितल्या आणि सावलीही मीच घेतली.

ऊन ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात तासन् तास बसली होती. त्या उन्हानं १४ जणांचे प्राण गेले. उत्साहानं, श्रद्धेनं आलेली माणसं होती ती, पण उन्हाला त्याचं काय? लांब ऑस्ट्रेलियात कडक उन्हामुळं त्वचेचा कर्करोग फार, म्हणून तिथं १९८१ पासून अंगभर कपडे घाला, त्वचेला मलम लावा, डोक्यावर टोपी घाला असा प्रचार सुरू झाला. पुढं कित्येक शाळांनी नियमच केला, टोपी नाही तर खेळ नाही! नियम मुलग्यांना आणि मुलींना एकच. आपल्याकडं मात्र मुलीनं टोपी घातली की प्रथम विचारतात, ‘हे काय नवीन?’

नवीन कुठलं? जुनंच!

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं की मी स्वतःला एक मोठ्या कडेची गवती हॅट घेणार आहे. हे हसले. म्हणाले, ‘साडीवर हॅट? लोक म्हणतील, गावात मडमीण आली!’ वर पुन्हा, ‘नवऱ्याला टोपी घालतेस तेवढी पुरे नाही का?’ ही कोटीही ऐकवली. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. मागच्या पडवीतल्या माळ्याकडं बोट दाखवून यांना म्हणाल्या, ‘ते वरचं इरलं काढ बघू खाली.’

इरलं खाली आलं. धूळ झटकली. सासूबाई म्हणाल्या, ‘आमी लावणीला हे डोईवर घ्यायचो. पंधरा पंधरा बाया एका रांगेत. तवा कोण म्हणलं मडमीण आली म्हणून?’

हे चूप! आणि मीही. कारण ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. आपल्या मावळात, मुळशीत, कोकणात बायकांची स्वतःची टोपी पिढ्यान् पिढ्या होती. बांबूच्या कांबट्यांचा जाळीदार सांगाडा, त्यात पळसासारखी रुंद पानं दाटीनं बसवलेली, आकार पालथ्या होडीसारखा. ओणवं होऊन भाताची लावणी करताना डोकं, पाठ, कंबर सगळं झाकलं जातं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री हे करील का? आता शेतावर बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद आला. तो स्वस्त आणि हलका खरा, पण आत घामाच्या धारा लागतात. इरल्याखाली हवा खेळते.

म्हणजे बघा, कामाच्या बाईनं कामाला साजेसं डोक्यावर घ्यावं, ही काही साहेबाची रीत नाही. आणि साहेबाची म्हणाल तर त्याची ती प्रसिद्ध सोला हॅटसुद्धा इथल्याच मातीतली. ‘सोला’चा सूर्याशी संबंध नाही. शोला नावाचं पाणथळीत वाढणारं झुडूप असतं, त्याच्या पांढऱ्या हलक्या गाभ्याची ती टोपी. या गाभ्याला आपण भेंड म्हणतो, आणि आपल्याकडं नवरदेवाची बाशिंगं याच भेंडाची करत. साहेबाची हॅट आणि आपलं बाशिंग ही चुलत भावंडंच की!

मानाच्या टोप्या पुरुषांना पुष्कळ मिळाल्या. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गांधी टोपी १९२० च्या असहकाराच्या चळवळीत घरोघर पोचली. मान आहेच त्यांचा, पण खरं सांगू? पगडी असो की गांधी टोपी, डोळ्यांवर सावली कुणाचीच पडत नाही. आणि आपला पदर? तो वडीलधाऱ्यांचा मान राखायला ठीक. पण एका थराचा तलम पदर, त्यातून तो नायलॉनचा असेल तर, उन्हाला अडवत नाही. दोन्ही हात कामात गुंतले की तोच आधी घसरतो. मानासाठी पदर असू द्या. उन्हासाठी वेगळी सोय हवी.

उन्हाळा : गवती हॅट कशी निवडाल?

दुसऱ्या रविवारी तळेगावहून लोकलनं लोणावळ्याला गेले आणि तिथल्या बाजारातून २५० रुपयांना एक हॅट घेतली. घेण्यापूर्वी चार दुकानं पालथी घातली आणि बरंच काही शिकले. हॅटचा डोक्यावर बसतो तो भाग म्हणजे वाटी आणि भोवती पसरते ती कड, असं आपण म्हणू.

पहिली गोष्ट कडेची. कड सगळीकडून निदान ३ इंच हवी. तरच नाक, कान आणि मानेमागचा भाग सावलीत येतो. पुढं नुसती चोच असलेल्या क्रिकेटच्या टोपीत कान आणि मान उघडीच राहतात.

दुसरी गोष्ट विणीची. हॅट हातात घेऊन उजेडासमोर धरा. चाळणीसारखे उजेडाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या. त्या भोकांतून ऊनही येणार. वीण दाट हवी, पण हॅट हलकी हवी.

तिसरी गोष्ट कशाची केली आहे ती. खरं गवत, गव्हाचा पेंढा किंवा ताडा-माडाच्या जातीतलं पान असेल तर बोटानं दाबल्यावर किंचित कुरकुरतं आणि पुन्हा जागेवर येतं. पिळलेल्या कागदाच्या हॅटही हुबेहूब गवतासारख्या दिसतात. दिसायला छान, पण एका पावसाच्या सरीत लगदा! पट्ट्या गोल गोल शिवून केलेली हॅट असेल तर शिवण हलकेच ताणून पाहा. जगात नावाजलेली पनामा हॅट खरी इक्वेडोर देशातली. तिथं एका ताडासारख्या झाडाच्या कोवळ्या पानांचे बारीक तंतू काढून ती हातानं विणतात, आणि त्या विणकामाची २०१२ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली. पनामामार्गे जगभर विकली जाई, म्हणून नाव पनामाचं! आपल्याकडं शिंदीच्या पानांच्या चटया होतात, त्याच जातीची ही कला.

चौथी गोष्ट मापाची. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या एक बोट वरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवा आणि टेपखाली एक बोट सरकेल इतकी सैल धरा. बहुतेक बायकांचं माप ५४ ते ५८ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. हॅट घालून मान खाली घाला, हलवा. पडली तर सैल, कपाळावर वळ उठला तर घट्ट. दुकानात जाताना केस रोज बांधता तसेच बांधून जा. उंच अंबाड्यावर हॅट तरंगते. मानेवर खाली बांधलेला अंबाडा किंवा वेणी असली की नीट बसते.

हॅट किंचित सैल निघाली तर टाकू नका. जुन्या सुती साडीची दीड इंचाची दुहेरी पट्टी आतून टाक्यांनी बसवा. माप जमतं, घाम टिपला जातो आणि पट्टी उसवून धुताही येते. कडेच्या खालच्या बाजूला गडद हिरव्या किंवा निळ्या सुती कापडाचं अस्तर लावा. वरून फिकट रंग ऊन परतवतो, खालून गडद रंग डोळ्यांना तिरीप लागू देत नाही. आणि दोन बाजूंना फीत लावायला विसरू नका, वाऱ्याला आपल्या हॅटचं काय कौतुक!

आता दिसण्याचं. ते का सोडायचं? चेहरा गोल असेल तर वाटी जरा उंच घ्या. चेहरा लांबट असेल तर वाटी बसकी आणि कड रुंद. ठेंगण्या मैत्रिणींनी खांद्यापेक्षा रुंद कड घेऊ नये, छत्रीखाली मूल दिसावं तसं दिसतं. साडीवर घालायची तर फुलं, मणी, चमक नको. साध्या गवती रंगाला जुन्या इरकलीच्या काठाची एक पट्टी वाटीभोवती गुंडाळा. कुठल्याही सुती साडीवर शोभते. पदर खांद्यावरून पुढं घेऊन कमरेला खोचला की हॅटच्या कडेत अडकत नाही.

एक सूचना. स्कूटरवर हेल्मेटच हवं, हॅट चालणार नाही. हॅट उतरल्यावर घालायची. आणि डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा आणायचा असेल तर हॅट कामाची नाही. तेव्हा सकाळची वेळ साधणं हाच उपाय.

मुलींसाठी घरची टोपी

सगळ्यांनाच हॅट विकत घेणं परवडत नाही, आणि दप्तरात गवती हॅटचा चुराडा होतो. म्हणून शाळेच्या मुलींसाठी मी कापडी टोपी बेतली. जुनी मऊ सुती साडी यासाठी उत्तम. आपल्या आज्या गोधडीला घालायच्या त्या धावदोऱ्यानंच हिची कड ताठ होते.

डोक्याचं माप २१ इंच धरून सांगते. अर्धा इंच शिवण यातच आली. वरची गोल चकती पावणेआठ इंच व्यासाची. उभी पट्टी २२ इंच लांब, ४ इंच रुंद. कडेसाठी पावणेतेरा इंच व्यासाचं वर्तुळ कापून त्याच्या मधोमध पावणेसहा इंच व्यासाचं भोक करा. असे दोन तुकडे, आणि मध्ये भरायला जुन्या साडीचे त्याच आकाराचे तीन थर. दोन्ही तुकडे उलट्या बाजूनं बाहेरच्या कडेनं शिवा, सुलट करा, आत थर सरकवा आणि अर्ध्या अर्ध्या इंचावर गोल धावदोरा घाला. पट्टीची दोन टोकं जोडा, वर चकती, खाली कड बसवा. आतल्या शिवणीला बारीक कातरे द्या म्हणजे गोलाई ओढली जात नाही. दोन वेण्या घालणाऱ्या मुलींना ही छान बसते, आणि मळली की सरळ धुता येते.

मी पहिली टोपी शिवली ती त्या सातवीतल्या मुलीला. दुसरी आमच्या कन्येला. मग आया विचारायला लागल्या.

पावसाळा : हॅट ट्रंकेत, इरलं बाहेर

मृग लागला की गवती हॅटला सुट्टी. लोणावळ्याचा पाऊस तर तुम्हांला ठाऊकच आहे. आमच्याकडं येईतो तो बराच ओसरतो, पण भाताला पुरून उरतो. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ याच पावसावर पिकतो. पिकाला चांगली ती हवा टोप्यांना वाईट. ओल धरली की बुरशी आलीच.

हॅट अचानक भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, तडकते. कोरड्या फडक्यानं टिपा, डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घालून त्यावर बसवा, कड हातानं सारखी करा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. एरवी डाग पडला तर पाण्यात बुडवायची नाही. ओलं फडकं घट्ट पिळून पुसायची. उचलताना वाटीला चिमटा काढून उचलू नका, तिथंच पहिली चीर जाते. दोन्ही हातांनी कडेला धरा. ठेवताना वाटी खाली आणि कड वर, म्हणजे कडेला बाक येत नाही.

ठेवणीत टाकण्यापूर्वी पूर्ण वाळलेली आहे याची खात्री करा. वाटीत चुरगाळलेलं वर्तमानपत्र भरा, जुन्या सुती फडक्यात गुंडाळा, सुकलेला कडुलिंबाचा पाला घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका. ओल आत कोंडते. मधे उघडीप मिळाली की तासभर वारा द्या. आणि पावसात बाहेर? बाजाराला छत्री किंवा रेनकोटची टोपी, आणि शेतावर इरलं मिळत असेल तर इरलं. बांबूकाम करणारा कुणी माहितीतला असेल तर सांगून करून घ्या. हातांना काम मिळेल आणि कलाही टिकेल.

हिवाळा : फेल्ट आणि लोकर

दिवाळीनंतर मावळातल्या सकाळी चांगल्याच गार होतात. तेव्हा आजेसासऱ्यांची ती काळी फेल्टची टोपी बाहेर काढली. फेल्ट म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला, चोळला की आटून जाड घट्ट होतो ना? तेच फेल्ट! लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत गुंततात आणि विणल्याशिवायच कापड तयार होतं. स्वेटरचं नुकसान, टोपीचा फायदा. उंची फेल्टला सशाचे केसही वापरतात. आपली घोंगडी विणलेली असते, पण गुण तोच. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी खोळ करून डोक्यावर घेतली की धनगरबाबा पावसात आणि थंडीत बिनघोर उभा राहतो.

फेल्टची हॅट घ्यायची तर जाडी सगळीकडं सारखी आहे का पाहा. मुठीत हलकेच दाबून सोडा. चांगलं फेल्ट पुन्हा उमलतं. लोकर खरी की खोटी, हे पाहायचं तर आतल्या बाजूचे दोन तंतू चिमटीत काढून काडीनं जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख झाली तर लोकर. वितळून मणी झाला तर कृत्रिम धागा. कृत्रिम घेऊच नये असं नाही, पण दाम लोकरीचे देऊ नका. रंग काळा, तपकिरी किंवा करडा घ्यावा, वर्षानुवर्षं चालतो. स्वेटरवर, शालीवर, कशावरही जातो. कान झाकायचे तर खाली विणलेली पट्टी किंवा स्कार्फ.

जुन्या टोपीला कसरीनं दोन ठिकाणी खाल्लं होतं. मऊ ब्रशनं एकाच दिशेनं धूळ काढली. किटलीच्या वाफेवर थोडी धरून, आत कागद भरून बसकं पडलेलं अंग वर आणलं. दोन भोकं आतून काळ्या लोकरीनं बुजवली. उन्हाळ्यात ठेवून देताना डांबराच्या दोन गोळ्या कागदात गुंडाळून जवळ ठेवायच्या, टोपीला चिकटवून नाही. आता थंडीच्या सकाळी ती टोपी घालून शाळेला जाते, कोण सांगा? आमची कन्या! सासूबाईंनीच तिच्या डोक्यावर ठेवली. तिच्या पणजोबांना चाललं असतं का? मला वाटतं, चाललं असतं.

हे पाठ करून ठेवा

टोपी घातली म्हणजे ऊन लागतच नाही, असं नव्हे. खिशातला कांदाही वाचवत नाही. दुपारी ११ ते ४ बाहेरची कामं टाळा, तहान लागण्यापूर्वी पाणी प्या, ताक, लिंबूसरबत, पन्हं जवळ असू द्या. कुणाला भोवळ आली तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसून वारा घाला. शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी द्या. असंबद्ध बोलत असेल, बेशुद्ध असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तोंडात काहीही घालू नका. अंग गार करत राहा आणि लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आमच्या शाळेत यंदा कवायतीचा सराव सकाळी साडेसातला झाला. मुलींच्या रांगेत साड्यांच्या रंगीबेरंगी टोप्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. गणवेशाला धरून नव्हतं, पण कुणी बोललं नाही. मीही कडुलिंब सोडून, हॅट घालून मुलींपुढं उभी राहिले.

आणि घरी काय झालं, तेही सांगते. परवा शेतावर भेंडी तोडायची होती. माझी हॅट खुंटीवर दिसेना. शोधत मागच्या दारी गेले, तर सासूबाई नऊवारीचा काष्टा आवरून, पाटी कमरेला घेऊन निघाल्या होत्या. हॅट त्यांच्या डोक्यावर! मला पाहून थोड्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, ‘हलकी हाय गं. पन फीत नीट लाव हिची, वाऱ्यानं उडतीया.’

फीत लावून दिली. आता येत्या रविवारी पुन्हा लोणावळा गाठायचं आहे, कारण घरात हॅट एक आणि डोकी दोन झालीत. तुमच्या घरातल्या टोप्या मोजा, बरं का मैत्रिणींनो, आणि त्यांत तुमची आहे का, तेवढं पाहा.